तुमची तारीख कोणती?

आमच्याकडे सुवार्तेच्या सभांमध्ये, उपवास-प्रार्थनेच्या दिवशी, कधी कधी तर लग्नाच्या बोलणीतसुद्धा एक प्रश्न हमखास निघतो : "तुमचं तारण कधी झालं?" तारण म्हणजे पापातून सुटून ख्रिस्ताचं होणं, आणि विचारणाऱ्याला त्याची तारीख हवी असते. अमुक साली, अमुक ठिकाणच्या सभेत, अमुक बंधूंचा संदेश ऐकला, हात वर केला, पुढे गेलो, प्रार्थना केली. ज्याच्यापाशी अशी तारीख असते त्याची साक्ष ठसठशीत होते. ज्याच्यापाशी नसते तो चाचरतो, आणि मग सगळे त्याच्याकडे जरा काळजीने बघू लागतात.

हा प्रश्न कुणी वाईट हेतूने विचारत नाही. ख्रिस्ती घरात जन्मलं म्हणून माणूस आपोआप ख्रिस्ताचा होत नाही, हे आमच्या लोकांच्या मनावर ठसवायला त्याचा फार उपयोग झाला. पण मी मंडळीत दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याआधीच्या तयारीचा, वर्ग घेऊ लागले तेव्हापासून हा प्रश्न मला टोचतो. वर्गातली मुलं विश्वासांगीकार, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेचा ठरलेला जाहीरनामा, म्हणून दाखवतात, दहा आज्ञा म्हणून दाखवतात, आणि बहुतेकांना वाटतं की झालं, आता आपण आत आलो. त्यांना काय सांगायचं याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा पंडिता रमाबाईंकडे जाते. त्यांना कुणी तारीख विचारली असती तर त्यांनी काय सांगितलं असतं?

तारीख तर होती. 29 सप्टेंबर 1883. इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहत असताना रमाबाईंनी आपल्या छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेलेला. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई कुणाच्या दडपणाने धर्म बदलणाऱ्यांतली नव्हती. त्या बाप्तिस्म्यामागे खरं कारण होतं. भगिनींनी त्यांना लंडनमधलं फुलमचं काम दाखवलं होतं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे जवळ करत, त्यांची सेवा करत. हे लोक असं का करतात, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय, शोमरोनी बाईची गोष्ट, वाचून दाखवण्यात आली. भारतातल्या पतित, पिचलेल्या बाईला उचलू शकेल असं काहीतरी इथे आहे, हे त्यांना तिथे दिसलं. यात कसलंही ढोंग नव्हतं.

आणि तरीही 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत काय काय झालं होतं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकणं-शिकवणं, अमेरिकेचा दौरा, बालविधवांसाठी निधी उभा करणं, 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करणं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवणं. आमच्या कुठल्याही मंडळीने अशा बाईला डोळे झाकून सर्वांत पुढच्या बाकावर बसवलं असतं. तिच्या विश्वासाबद्दल शंका घ्यायची कुणाची छाती झाली असती? शंका घेतली ती तिने स्वतः.

त्यांनी ती कशी घेतली, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. वाँटेजच्या दिवसांत त्या त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर भगिनींशी कडाक्याचा वाद घालत होत्या. मोठ्या कष्टाने हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड उतरवून ठेवलं आहे, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही, असं त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं. हे वाद वाचून बरेच जण म्हणतात की तेव्हा त्यांचा विश्वास कच्चा होता आणि नंतर वाद संपले तेव्हा पक्का झाला. मला ते पटत नाही. त्या प्रामाणिक वादांनीच त्यांना वाचवलं असं मी मानते. जी बाई दुसऱ्याने सांगितलेलं न पटता मान्य करायला तयार नव्हती, ती स्वतःच्या मनाने सांगितलेलंही तपासल्यावाचून मान्य करणार नव्हती.

शारदा सदनाच्या सुरुवातीच्या त्या काळात त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश पाळकाचं आत्मवृत्त आलं. कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू गावचा हा पाळक. दीक्षा झालेली, चर्चची इमारत बांधून घेतलेली, उपासनाविधीत अगदी काटेकोर. त्याचा माळी आजारी पडला आणि मरणापूर्वी ख्रिस्तात शांती पावला, तेव्हा या पाळकाला आनंद व्हायच्या ऐवजी धक्का बसला. आपल्यापाशी नसलेलं काहीतरी या माळ्याला मिळालं हे त्याच्या ध्यानात आलं. 1851 मध्ये एका रविवारी "ख्रिस्ताविषयी तुम्हांस काय वाटते?" या वचनावर बोलता बोलता त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांवरचं झापड उतरलं, आणि समोर बसलेल्यांतला एक जण ओरडला, "पाळकाचं परिवर्तन झालं!" रमाबाईंनी हे वाचलं आणि त्यांना आपलं प्रतिबिंब दिसलं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना देवाबद्दल सांगणारा माणूस त्या देवाला अनोळखी असू शकतो, हे त्यांनी स्वतःला लावून पाहिलं.

पुढचं त्या अगदी साध्या शब्दांत सांगतात. देवापुढे उभं राहायला मी तयार नाही, पापाची माझ्यावर सत्ता आहे, माझे विचार मला मदत करू शकत नाहीत, हे कळलं आणि मी हताश झाले. स्वतःच्या शेवटाला येऊन पोचले तेव्हा काही अट न घालता त्याच्या स्वाधीन झाले. ख्रिस्ताचं तारण पुढे कधीतरी मिळायचं नसून ते आत्ता आहे, हे तेव्हा त्यांना उमगलं. पुढे लगेच त्या लिहितात की यात दुसऱ्या कुणाचाही दोष नव्हता. बायबल माझ्यासमोर उघडं होतं, मी त्याऐवजी त्या धर्माबद्दलची इतर पुस्तकं वाचत राहिले.

बघा, इथे नेमकी तारीख नाही. अमुक दिवशी अमुक वाजता असं त्या म्हणत नाहीत. जी नेमकी तारीख होती, ती त्यांनीच अपुरी ठरवली.

तारखेचं आणखी एक उदाहरण आमच्या लोकांना माहीत आहे, पण अर्धंच. जॉन न्यूटन गुलामांचा व्यापार करणाऱ्यांतला खलाशी. 10 मार्च 1748 रोजी उत्तर अटलांटिकमध्ये वादळात जहाज बुडायला आलं असताना त्याने देवाचा धावा केला. तो दिवस त्याने आयुष्यभर पाळला. सभांमधून ही गोष्ट सांगताना सांगणारे वादळावर थांबतात आणि मग थेट त्याच्या 'अमेझिंग ग्रेस' या गीतावर येतात. मधल्या वर्षांत काय झालं ते कुणी सांगत नाही. त्या वादळानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजावर आधी मदतनीस अधिकारी झाला, मग कप्तान झाला. 1754 मध्ये आजारपणामुळे त्याची सफर सुटली, तोपर्यंत. रविवारी वरच्या डेकवर तो खलाशांना घेऊन उपासना करत असे आणि खाली साखळदंडांत माणसं कोंबलेली असत. गुलामगिरीविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते 1788 मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. आणि न्यूटननेही पुढे मागे वळून पाहताना लिहिलं की, त्या वादळानंतर बराच काळ जाईपर्यंत मी खऱ्या अर्थाने विश्वासणारा होतो असं मला म्हणता येत नाही. त्या दिवसाबद्दल तो देवाचे आभार मानत राहिला, पण त्या दिवसाला त्याने आपल्या तारणाचा दाखला केलं नाही. आम्ही मात्र करतो.

दाखला हाच शब्द मी मुद्दाम वापरते. आमच्या कपाटात बाप्तिस्म्याचा दाखला असतो, दृढीकरणाचा असतो, मंडळीच्या सभासदत्वाचा असतो. ज्यांना ही कागदपत्रं निर्जीव वाटतात त्यांनी त्यांच्या जागी अनुभव ठेवले : त्या रात्री मी रडलो, माझ्या अंगाला कंप सुटला, अन्य भाषा आल्या, आजार बरा झाला. हे अनुभव खोटे असतात असं मी म्हणणार नाही. काही माझ्या डोळ्यांदेखत घडले आहेत आणि त्यांबद्दल मी प्रभूचे उपकार मानते. पण कागद काय आणि अनुभव काय, कपाटात ठेवून दिला की त्याचं काम एकच उरतं : कुणी विचारलं की काढून दाखवायचा.

मत्तयाच्या सातव्या अध्यायातला तो प्रसंग वाचताना म्हणूनच माझ्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी पुष्कळ जण येऊन म्हणतील, प्रभूजी, प्रभूजी, आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं घालवली, अद्भुतं केली. येशू त्यांना 'तुम्ही खोटं बोलता' असं म्हणत नाही. कामं झालीच असतील. तो म्हणतो, "मला तुमची कधीच ओळख नव्हती." आता त्याच शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय उघडा. तिथे उजवीकडे उभे असलेले लोक आहेत; त्यांनी भुकेल्याला जेवू घातलं, उघड्याला पांघरूण दिलं, तुरुंगातल्याला भेटायला गेले. राजा त्यांना हे सांगतो तेव्हा ते गोंधळून विचारतात, प्रभूजी, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिलं? त्यांच्यापाशी यादी नाही. पहिल्या लोकांच्या यादीत एकही गोष्ट सुटलेली नाही, आणि या लोकांना राजाने आठवण करून द्यावी लागते. दोन्हीकडच्या माणसांना धक्का बसतो, पण एका बाजूला आपण ओळखीचे आहोत या खात्रीला धक्का बसतो आणि दुसऱ्या बाजूला आपण काही केलं होतं हेच ठाऊक नसतं. वर्गात मी हे दोन अध्याय एकामागून एक वाचून घेते. मुलं गप्प होतात. मग एखादी मुलगी विचारते, "मग मावशी, आपण कुठल्या बाजूला आहोत हे कळायचं कसं?"

योहानाने आपल्या पहिल्या पत्रात याचं जे उत्तर दिलं आहे, ते ऐकायला आमच्या मंडळ्या फारशा उत्सुक नसतात. आपण मरणातून जीवनात गेलो आहोत हे आपल्याला कळतं, कारण आपण बंधुजनांवर प्रेम करतो, असं तो म्हणतो. हे पत्र त्याने लिहिलंच यासाठी की विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्यापाशी सार्वकालिक जीवन आहे हे कळावं. म्हणजे खात्री मिळावी अशी देवाची इच्छा आहे. पण ती खात्री आम्ही शोधतो सभेतल्या रात्रीत, आणि योहान बोट दाखवतो शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे.

आणि शेजारच्या बाकावर कोण बसलं आहे? अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्या मुख्यतः गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती ते एका भाकरीतून, एका प्याल्यातून प्रभूभोजन घेऊ लागले. केवढी क्रांती होती ती! पण आजही सोयरीक जुळवताना आमच्यातले सद्गृहस्थ, ज्यांच्या तारणाची तारीख त्यांना तोंडपाठ आहे, हळूच चौकशी करतात की मुलीचे पणजोबा मूळचे कोणत्या वस्तीतले. तिकडे ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्यांच्या वंशजांतही आपल्या मूळ आडनावाचा एक अबोल अभिमान टिकून आहे. प्रभूभोजनाला एका रांगेत गुडघे टेकायचे, आणि घरी येऊन मुलाला सांगायचं की ती मुलगी चांगली आहे, पण आपल्यातली नाही. पुढच्या रविवारी तोच माणूस "माझं नाव जीवनाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे" असं गातो. त्याच्या खात्रीला कुठेही तडा जात नाही. अशी खात्री मला भीतिदायक वाटते.

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पुढे त्या नवऱ्याजवळ येऊन राहिल्या तरी सोवळं सोडलं नाही. वेगळी चूल, वेगळं पाणी. मग एके दिवशी बसून विचार करता करता त्यांना वाटलं की ही जात देवाने केलेली असणं शक्य नाही, माणसांनीच केली. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. तोवर कुणाला दाखवता येईल असा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता, पण शिवाशिव मात्र गेली होती. योहानाची कसोटी लावली तर कोण आधी आत आलं होतं?

रमाबाईंच्या आयुष्यातही ख्रिस्त सापडल्यावर जे दिसलं ते असंच होतं. शारदा सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या तेव्हा 1893 मध्ये पुण्यात गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. चार वर्षांत उभं केलेलं काम मोडकळीला आलं. त्यांनी दार लावून घेऊन प्रार्थना करायला नकार दिला. पुढे 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा स्वतः भुकेने आईवडील गमावलेली ही बाई तिकडे धावली आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आली. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर तंबू-झोपड्या. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या मुली खरजेने, उवांनी, जखमांनी भरलेल्या, भुकेने वेड्यापिशा झालेल्या होत्या. पंचविसाव्या अध्यायाला केडगावात धुळीचा आणि घामाचा वास होता. तिथल्या 1905 च्या संजीवनाबद्दल, म्हणजे तिथे उसळलेल्या आध्यात्मिक जागृतीच्या लाटेबद्दल, आमच्याकडे फार बोललं जातं, अग्नी उतरल्याचं सांगितलं जातं. पण तो अग्नी जिथे उतरला तिथे आधी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या लेकींच्या जखमा धुतल्या जात होत्या, हे सांगायला सभेत वेळ उरत नाही.

हे सगळं म्हणताना मला एका मुलाची काळजी वाटते. तरुण संघातला आहे, हळवा आहे. दर वर्षी सभा भरली की तो हात वर करतो. दर वर्षी पुढे जातो, रडतो, आणि महिन्याभराने पुन्हा त्याला वाटतं की मागच्या वेळची प्रार्थना मनापासून झाली नव्हती. खोट्या खात्रीबद्दल जेव्हा जेव्हा व्यासपीठावरून कडक बोललं जातं तेव्हा ते ज्यांच्यासाठी असतं ते शांत बसलेले असतात आणि हा मुलगा रात्रभर जागतो. त्याने एकदा मला विचारलं, "मावशी, माझा विश्वास खरा असता तर मला अशी भीती वाटली असती का?"

मी त्याला विल्यम कूपरबद्दल सांगितलं. न्यूटनचा हा मित्र, त्याच्याच गावात, ओल्नीला राहायचा. मनाच्या आजाराने पिळलेला. 1764 मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात असताना रोमकरांस पत्रातला एक उतारा वाचून त्याला येशूच्या ठायी क्षमा दिसली, आणि काही वर्षं तो आनंदात होता. 1773 मध्ये आजार उलटला आणि देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे अशी त्याची ठाम समजूत झाली. 1800 मध्ये मरेपर्यंत ती गेली नाही. न्यूटनबरोबर 1779 मध्ये निघालेल्या भक्तिगीतांच्या संग्रहात त्याची साठाहून अधिक गीतं आहेत, ती आजही जगभर गायली जातात. पण ती छापून आली तेव्हा तो उपासनेलाही जात नव्हता. आपल्याला तो अधिकारच नाही असं त्याला वाटे. त्या अंधारातही तो ओल्नीतल्या गरिबांसाठी धडपडला, गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या. खात्रीचा लवलेश नसलेला हा माणूस ख्रिस्ताचा नव्हता असं म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही. न्यूटनने त्याला कधी सोडलं नाही, त्याच्या तारणाबद्दल जाबही विचारला नाही. वर्षानुवर्षं त्याच्या सोबत राहिला, गाव सोडून गेल्यावरही पत्रं लिहीत राहिला.

त्या मुलाला मी म्हटलं, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की आत्म्याच्या योगे आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो. रमाबाईंनीही आपल्या त्या हताशपणाबद्दल लिहिताना नेमक्या याच दत्तकपणाच्या आत्म्याबद्दल लिहिलं आहे. हाक मारताना मूल आपला आवाज बरोबर लागला का हे तपासत नाही. तू मात्र दर वर्षी आपली प्रार्थना तपासतोस, ती पुरेशी खरी होती का, पुरेशी रडकी होती का. तुझी प्रार्थना तुला तारत नाही रे. तू जिला हाक मारतोस ती व्यक्ती तारते. अंगात दुष्ट आत्मा असलेल्या मुलाच्या बापाने येशूला काय म्हटलं ते वाच : "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." अर्धवट विश्वास घेऊन आलेल्या त्या बापाला येशूने परत पाठवलं नाही. मुलगा बरा केला.

तो मुलगा या वर्षी सभेत हात वर करणार की नाही, मला ठाऊक नाही, आणि मी त्याला करू नकोस असंही सांगितलेलं नाही. सोयरीक जुळवणाऱ्या त्या सद्गृहस्थांशी मात्र मला बोलायचं आहे, आणि ते कठीण जाणार आहे, कारण त्यांना माझ्याकडून काहीही ऐकायची गरज वाटत नाही. "तुम्ही विश्वासात आहात की नाही याची परीक्षा करा," हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं, बाहेरच्यांना नव्हे. त्या मंडळीत कृपादानांची, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या खास देणग्यांची, रेलचेल होती, आणि प्रभूभोजनाच्या मेजाशीच गरीब उपाशी राहत होते. या वर्षीच्या वर्गाला पालकांनाही बोलवावं अशी विनंती मी आमच्या पाळकसाहेबांना केली आहे. पहिला धडा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा ठेवला आहे.